शुश्रूषेची नीति

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्गच्या किल्ल्यापासून थोडक्या अंतरावर, तुळजापूर तालुक्यांत अणदूर हें गांव आहे. धाराशिव जिल्ह्याचा हा भाग कोरडवाहू. ज्वारी आणि तूर यांवर पोसला गेलेला. खंडोबाच्या नांवानें हें गांव महाराष्ट्रांत व कर्नाटकांत पूर्वींपासून ओळखलें जातें. गेल्या कांहीं दशकांत तें आणखी एका कारणानें लोकांना ठाऊक झालें आहे. डॉ. शशिकांत अहंकारी, डॉ. शुभांगी अहंकारी व त्यांचे सहकारी यांनीं येथें हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था वाढविली, रुग्णालय चालविलें, आणि खेड्यांतील सामान्य स्त्रियांना प्राथमिक उपचारांचें शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ या नांवानें आपापल्या गांवीं सेवेस उभें केलें. यांतील पुष्कळ स्त्रियांना शाळेचें शिक्षण फारसें लाभलेलें नव्हतें. परंतु ताप, हगवण, जखम, गरोदर स्त्रीची देखभाल, तान्ह्या मुलाचें पोषण या नित्याच्या गोष्टींत त्या आपल्या गांवाच्या उपयोगीं पडूं लागल्या.

आपल्यांतीलच एका साध्या बाईच्या हातीं गांव आपलें आजारी मूल देतें, तें कोणत्या भरंवशावर? गोळी कोणती व ती किती, एवढें ज्ञान तिच्यापाशीं असावें लागतें, हें खरें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. ही बाई खोटें सांगणार नाहीं, घरांत पाहिलेलें बाहेर बोलणार नाहीं, गरिबाला मागें सारून श्रीमंताकडे धांवणार नाहीं, आणि जें आपल्याला येत नाहीं तें येतें असें भासविणार नाहीं, अशी खात्री असल्यावांचून कोणीहि तिच्यासाठीं रात्रीं दार उघडणार नाहीं. ही खात्री म्हणजेच शुश्रूषेची नीति होय. शहरांतील मोठ्या रुग्णालयांतील पदवीधर परिचारिका असो, उपकेंद्रांतील नर्सबाई असो, किंवा २००५ सालापासून खेडोपाडीं काम करणारी आशाताई असो. तिघींच्या कामाचा पाया हाच आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. नीति, नीतिशास्त्र आणि कायदा हे तीन शब्द एकमेकांच्या इतके जवळ वावरतात कीं त्यांची गल्लत सहज होते. घरांत, जातींत, गांवांत वाढतां वाढतां बरेंवाईट म्हणून जें मनांत रुजतें, ती मनुष्याची नीति. या रुजलेल्या समजुतींना ‘असें कां?’ म्हणून प्रश्न विचारणारें, दोन चांगल्या गोष्टींचा विरोध आला असतां कोणती आधीं हें तपासून पाहणारें जें शास्त्र, तें नीतिशास्त्र. आणि ज्याचा भंग केला असतां सरकार शिक्षा करतें, तो कायदा. भारतांत परिचर्येच्या शिक्षणाचें नियमन करणारा कायदा १९४७ सालीं झाला व त्याच्या जागीं २०२३ सालीं नवा कायदा आला. परंतु कायदा फार तर उंबरठ्यापर्यंत पोंचतो. रात्रीं तीन वाजतां, सारा वॉर्ड झोंपलेला असतांना, हाक मारणाऱ्या म्हाताऱ्याकडे उठून जावें कीं ऐकूंच आलें नाहीं असें दाखवावें, हें कोणताहि कायदा पाहूं शकत नाहीं. तेथें नीतीचेंच राज्य असतें.

उलट बाजूनें, मनांत रुजलेली प्रत्येक समजूत नीतीच्या कसोटीस उतरतेच असेंहि नाहीं. अमक्या जातीच्या रोग्यास हात लावूं नये, ही समजूत या देशांत शेंकडों वर्षें ‘नीति’ म्हणूनच पाळली गेली. विचारानें ती खोटी ठरविली. म्हणून परिचारिकेला चांगल्या संस्कारांबरोबर विचारहि लागतो. संस्कार तिला दयाळू करतात. ती दया कोणास व कशी द्यावी, हें विचार सांगतो.

हा विचार परदेशांतून आलेला आहे, असें पुष्कळांस वाटतें. तें पूर्ण खरें नव्हे. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाला तेथें नोकर म्हटलेलें नाहीं. चार खांबांपैकीं एक खांब म्हटलें आहे. त्याचे गुणहि चारच दिले आहेत: उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं आपुलकी आणि शुचिता. या यादीचा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. ज्ञान पहिलें आहे. नुसत्या प्रेमळपणानें शुश्रूषा होत नाहीं. अडाणी प्रेमानें कितीतरी रोगी दगावले आहेत. पण ज्ञान आणि दक्षता यांनंतर आपुलकी सांगितली आहे, आणि तिच्यावांचून पहिले दोन गुण थंड राहतात. रोग्याच्या गुणांत आपली व्यथा नीट सांगतां येणें हा एक गुण तेथें मानला आहे. रोग्यानें सांगावयाचें, तर कोणीतरी ऐकावयास हवें; तेव्हां ऐकणें हें परिचारकाचें कर्तव्य त्यांत ओघानेंच आलें.

अर्वाचीन परिचर्येचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्यापासून धरतात. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत ती आपल्या सहकारी परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत गेली, तेव्हां तिला दिसलें तें असें कीं सैनिक जखमांनीं जितके मरत होते त्यांहून कितीतरी अधिक इस्पितळांतल्या घाणीनें व सांथींनीं मरत होते. १८६० सालीं तिच्या नांवानें लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. तिच्या अनुभवांतून निघणारें पहिलें नीतितत्त्व अगदीं साधें आहे: जो बरा होण्यासाठीं आला, त्याला निदान आपल्या हातून अपाय होऊं नये. रोग्याचें भलें करणें हें दुसरें तत्त्व. पण अपाय न करणें हें त्याच्याहि आधीं. हात न धुतां जखमेला हात लावणें हा केवळ गबाळेपणा नव्हे, तो नीतिभंग आहे. कारण ज्याला अपाय होणार तो पडून आहे. त्याला तो अपाय दिसतहि नाहीं, आणि दिसला तरी त्याला प्रतिकार करतां येत नाहीं.

याच तत्त्वाच्या पोटीं एक कठीण कर्तव्य येतें. एखादे वेळीं चुकीचें औषध दिलें जातें, किंवा बरोबर औषध चुकीच्या वेळीं दिलें जातें. मनुष्याचे हात आहेत, चूक व्हावयाचीच. खरी परीक्षा त्यानंतरच्या पांच मिनिटांत असते. जी परिचारिका तत्काळ डॉक्टरांना सांगते, ती रोग्याचा जीव वांचवूं शकते. जी घाबरून गप्प बसते, ती एका चुकीचे दोन अपराध करते. तसेंच नोंदवहीचें. नाडी न पाहतां ‘नाडी पाहिली’ असें लिहिणें, वजन न करतां अंगणवाडीच्या तक्त्यावर आंकडा टाकणें, हें वरवर किरकोळ वाटतें. परंतु पुढचा माणूस त्या आंकड्यावर विसंबून उपचार ठरवीत असतो. खोटा आंकडा हा न दिसणारा विखार आहे. आणि येथें दोष एकट्या परिचारिकेच्या माथीं मारून चालत नाहीं. जेथें चूक सांगणारीला भर वॉर्डांत अपमान सोसावा लागतो, तेथें चुका कमी होत नाहींत, लपतात मात्र अधिक.

दुसरें तत्त्व रोग्याच्या संमतीचें. माणूस आजारी पडला म्हणजे त्याचा देह दुसऱ्याच्या मालकीचा होत नाहीं. सुई टोंचण्यापूर्वीं, वस्त्र बाजूला करण्यापूर्वीं, रक्त घेण्यापूर्वीं काय करावयाचें आहे व कां, हें त्याला समजेल अशा भाषेंत सांगावें आणि त्याचा होकार घ्यावा, एवढाच या तत्त्वाचा अर्थ. खेड्यांत मात्र एक अडचण पदोपदीं येते. तरुण सून दवाखान्यांत येते. प्रश्न तिला विचारला, तरी उत्तर सासू देते किंवा नवरा देतो. सून खालीं पाहून उभी असते. कुशल परिचारिका अशा वेळीं सासूचा अपमान करीत नाहीं. “सासूबाई, तुम्ही क्षणभर बाहेर टेका, मी हिला तपासून घेतें,” असें आदरानें म्हणते, पडदा ओढते, आणि मग हळूच विचारते, “आतां सांग बाई, तुला काय होतंय?” त्या पडद्याआडच्या दोन मिनिटांत पुष्कळदां खरा आजार कळतो. वडिलधाऱ्यांचा मान आणि रोग्याचा अधिकार या दोहोंना सांभाळून घेण्याची कला खेड्यांतील परिचारिकेला जितकी लागते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला लागत असेल.

याच धाराशिव जिल्ह्यांत २०१४ व २०१५ या सालीं चौतीस खेड्यांतील १३ ते १७ वर्षांच्या १०१० मुलींच्या रक्ताची तपासणी झाली. शंभरांतील सुमारें ८७ मुलींत रक्ताचें प्रमाण कमी आढळलें. हा आंकडा मनाला चटका लावणारा आहे. परंतु नीतीच्या दृष्टीनें त्याच्या मागचा प्रश्नहि तितकाच मोलाचा आहे. मूल अज्ञान, म्हणून आईबापांची संमति हवी. पण रक्त मुलीचें, म्हणून तिचीहि तयारी हवी. आणि तपासून कमतरता आढळली, तर ती नुसती वहींत मांडून ठेवणें पुरेसें नाहीं. मुलीला तें सांगणें व उपचारापर्यंत पोंचविणें हें तपासणाऱ्यावर ऋण म्हणून राहतें. माणसाकडून ज्ञान घेतलें आणि त्याला कांहींच परत दिलें नाहीं, तर तो व्यवहार उपकाराचा न राहतां लुटीचा होतो.

संमति डावलली असतां काय होतें, याचा धडा पुण्यानें १८९७ सालीं शिकविला आहे. प्लेगच्या सांथींत घरोघर सैनिक शिरले, माणसें ओढून नेलीं, स्त्रियांची उघड्यावर तपासणी झाली. हेतु सांथ आवरण्याचा होता. पण रीत जुलमाची होती. परिणाम असा झाला कीं लोक रोगी लपवूं लागले, आणि ज्या उपायानें सांथ थांबावयाची त्याच उपायाला ते भिऊं लागले. त्याच वर्षीं, त्याच शहराच्या बाहेर सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. रोग्यांना आणतां आणतां त्यांना स्वतःला प्लेगनें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. रोग एकच, गांव एकच, वर्षहि एकच. एकीकडे सत्तेचा हात होता, दुसरीकडे सेवेचा. लोकांनीं कोणत्या हाताला कसें स्मरणांत ठेवलें, हें सांगण्याची गरज नाहीं.

हा प्रश्न जुन्या काळाबरोबर संपला असेंहि नाहीं. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोडणीस जाणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचीं गर्भाशयें तरुण वयांतच काढून टाकलीं गेल्याचें उघडकीस आलें, आणि २०१९ सालीं राज्य सरकारला त्याच्या चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. अशा स्त्रीनें कागदावर अंगठा उठविलेला असतो. कायद्याच्या भाषेंत संमति झालेली असते. पण दुसरा उपाय आहे काय, न केल्यास काय होईल, पुढें शरीरावर काय परिणाम होतील, हें तिला कोणी सांगितलें होतें काय? न समजतां उठविलेला अंगठा म्हणजे संमति नव्हे. अंगठा घेतेवेळीं कागद पुढें करणारा हात पुष्कळदां परिचारिकेचा असतो. म्हणून “बाई, हें तुम्हांला नीट समजलें काय?” हें एक वाक्य तिच्या तोंडीं असणें, हें हजार नियमांहून अधिक मोलाचें आहे.

तिसरें तत्त्व गुप्ततेचें. शहरांत माणूस गर्दींत हरवतो. अणदूरसारख्या गांवांत प्रत्येकाला प्रत्येकाचें घर ठाऊक असतें. क्षयाचें औषध कोण घेतें, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या मुलाच्या रक्तांत काय निघालें, हें आरोग्यसेविकेला कळतें, आणि तिची शेजारीण तें ऐकावयास उत्सुक असते. पाणवठ्यावर सहज बोललेल्या एका वाक्यानें लग्न मोडतें, कोणाची मजुरी जाते, एखादी मुलगी विहीर जवळ करते. त्याहूनहि मोठी हानि अशी कीं दुसऱ्या दिवसापासून लोक खरें सांगेनासे होतात. म्हणून गुप्तता हा केवळ सभ्यपणा नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. अपवाद एकच मानतात: ज्या ठिकाणीं गप्प बसल्यानें दुसऱ्याच्या जिवाला धोका पोंचेल, तेथें योग्य त्या अधिकाऱ्यास, व तेवढ्याच माणसास, आवश्यक तेवढेंच सांगावें.

गुप्ततेच्या शेजारींच सत्याचा प्रश्न उभा राहतो. घरचे लोक कळवळून म्हणतात, “त्यांना कॅन्सरचें नांव सांगूं नका; हाय खातील.” हा कळवळा खोटा नसतो. परंतु रोगी मूर्ख नसतो. चेहरे पडलेले, कुजबुज चाललेली, आणि प्रत्येकजण “तुम्ही लवकरच बरे व्हाल” म्हणत आहे, यावरून त्याला सर्व उमगतें. फक्त बोलावयास कोणी उरत नाहीं. मग तो एकटाच मरतो, माणसांनीं भरलेल्या घरांत. रोगाचें निदान सांगणें हें डॉक्टरांचें काम. तें परस्पर सांगून मोकळें होणें परिचारिकेस शोभत नाहीं. पण रात्रीं रोग्यानें हात धरून “खरें सांगा, सिस्टर” म्हटलें, तर तिनें खोटेंहि बोलूं नये. “तुम्हांला काय वाटतंय?” असें विचारून ऐकावें, आणि सकाळीं डॉक्टरांना व घरच्यांना सांगावें कीं या माणसाला जाणून घ्यावयाचें आहे. किती सांगावें हें रोग्याच्या इच्छेवर ठेवावें. कांहींजण ऐकूं इच्छीत नाहींत, त्यांच्यावर सत्य लादणें हाहि एक जुलूमच.

चौथें तत्त्व न्यायाचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी, सास्तूर व आसपासचीं खेडीं भूकंपानें जमीनदोस्त झालीं, हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. तो विनाश अणदूरपासून दूर नव्हता. अशा वेळीं शंभर जखमी आणि दोन हात असा हिशेब पडतो. आधीं कोणाला? ओरडणाऱ्याला, ओळखीच्याला, कीं पुढाऱ्याच्या नातलगाला? नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे यानें या प्रश्नाचें उत्तर घालून दिलें आहे: हुद्दा पाहूं नका, जखम पाहा. जो गप्प पडला आहे तोच पुष्कळदां अधिक अत्यवस्थ असतो. भूकंप रोज होत नाहीं. पण रांग रोज लागते. बाह्यरुग्ण विभागांतील त्या रांगेंत सरपंचांचा मनुष्य पुढें घेतला जातो आणि तांड्यावरून चालत आलेली गरोदर बाई उन्हांत उभी राहते, तेव्हां न्यायाचा भंग भूकंपाइतकाच खरा असतो, फक्त त्याचा आवाज होत नाहीं.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. परिचारिकेची निष्ठा कोणाशीं? डॉक्टरांशीं, संस्थेशीं, रोग्याच्या कुटुंबाशीं, कीं रोग्याशीं? १८९३ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें नाइटिंगेलच्या नांवानें जी शपथ रचली गेली, तींत डॉक्टरांना निष्ठेनें साह्य करणें हें ठळक होतें. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनें १९५३ सालीं आपली पहिली नीतिसंहिता स्वीकारली, तेव्हांहि डॉक्टरांच्या आज्ञा पाळणें हें कर्तव्य त्यांत होतें. १९७३ सालच्या सुधारित संहितेंत मात्र केंद्र बदललें: ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्याच्याशींच परिचारिकेची पहिली बांधिलकी, असें ठरलें. हा बदल म्हणजे उद्धटपणाचा परवाना नव्हे. डॉक्टरांची आज्ञा शंभरांत नव्व्याण्णव वेळां रोग्याच्या हिताचीच असते व ती तत्परतेनें पाळणें हेंच हिताचें असतें. पण शंभराव्या वेळीं, औषधाचा आंकडा चुकलेला दिसला, तर “डॉक्टर, एकदां पाहून घ्यावें,” असें म्हणण्याचें धैर्य तिच्यापाशीं हवें. आणि गर्भांतील मूल मुलगा कीं मुलगी हें चोरून पाहण्यासारखें काम, जें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे, तें कोणीहि सांगितलें तरी त्यांत हात घालूं नये. ‘मला सांगितलें म्हणून केलें’ हें उत्तर नीतीच्या दरबारीं चालत नाहीं.

महाराष्ट्रांतील परिचारिकांच्या नीतीची सर्वांत मोठी परीक्षा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत झाली. अरुणा शानबाग या तेथील तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं रुग्णालयांतीलच एका नोकरानें अमानुष हल्ला केला. तिच्या मेंदूला रक्त पोंचलें नाहीं व ती जन्माची जाणीव हरवून बसली. त्या दिवसापासून १८ मे २०१५ रोजीं तिचा अंत होईपर्यंत, सुमारें एकेचाळीस वर्षें सहा महिने, त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनीं तिला घांस भरविला, न्हाऊं घातलें, कूस बदलली. ज्यांनीं तिला कधीं बोलतांना पाहिलें नव्हतें, त्या पुढच्या पिढीच्या मुलींनींहि तिला आपलें मानलें. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीला शय्याव्रण होऊं दिला नाहीं, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानें घेतली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते, हें ज्यांनीं घरीं केलें आहे अशा श्रोत्यांना या एका गोष्टींतील तप समजेल.

आणि तरीहि प्रश्न उरला होता. एका लेखिकेनें न्यायालयाकडे मागणी केली कीं या देहाला आतां अन्न देऊन जगविणें थांबवावें. तिला शांतपणें जाऊं द्यावें. परिचारिकांनीं त्याला विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालांत न्यायालयानें ती मागणी नाकारली आणि अरुणेच्या वतीनें बोलण्याचा अधिकार इतकीं वर्षें तिची सेवा करणाऱ्यांचा मानला. त्याच निकालानें, ठराविक बंधनें घालून, असाध्य रोग्याचे कृत्रिम उपचार थांबविण्याची वाट मोकळी केली. पुढें ९ मार्च २०१८ च्या निकालानें माणसाला शुद्धींत असतांनाच आपली अंतिम इच्छा लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. दोन्ही बाजूंना दया होती. एकीची दया म्हणत होती, हिला सोडवा. दुसरीची म्हणत होती, हिला सोडूं नका. अरुणेला स्वतःला काय हवें होतें, हें मात्र कोणालाहि विचारतां येत नव्हतें. म्हणून या प्रकरणाचा धडा एका बाजूचा जय हा नव्हे. रोग्याला बोलतां येतें तोंवर त्याला विचारावें, त्याचें ऐकावें, लिहून ठेवावें. आणि बोलतां येईनासें झाल्यावर, त्याच्या देहाची अवहेलना होऊं देऊं नये, हा तो धडा आहे.

अणदूरच्या खंडोबाची एक प्रथा या संदर्भांत लक्षांत घेण्यासारखी आहे. देव एक आणि देवळें दोन, एक अणदुरांत व एक नळदुर्गाजवळ. वर्षांतील बहुतेक काळ देव अणदुरास असतो व पावणेदोन महिने नळदुर्गास; आणि मुक्काम बदलतांना दोन्हीं गांवच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवावर श्रद्धा कमी आहे म्हणून कागद होतो असें नव्हे. जें अमोल आहे तें हवालीं करतांना बोलाचालीवर सोडूं नये, म्हणून होतो. रुग्णालयांत रोज तीन वेळां पाळी बदलते. जाणारी परिचारिका येणारीच्या हवालीं जिवंत माणसें करीत असते. कोणाला कोणतें औषध दिलें, कोणाला सोसत नाहीं, कोण रात्रभर रडला, हें सर्व सांगून व लिहून देणें हा तिचा करार आहे. बसची वेळ झाली म्हणून तो अर्धवट सोडणें म्हणजे देव वाटेंत ठेवून घरीं जाणें.

परिचारिकेच्या कर्तव्यांबरोबर समाजाच्या कर्तव्यांचाहि उच्चार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत परिचारिकांना देवदूत म्हणून टाळ्या मिळाल्या, आणि कांहीं ठिकाणीं त्याच परिचारिकांना भाड्याच्या घरांत परत घेण्यास लोक कचरले. सेवेंत धोका आहे हें त्या जाणतात. पण मुखपट्टी, हातमोजे, पुरेशी झोंप, वेळेवर वेतन आणि रात्रीं सुरक्षित वाट देणें हें त्यांच्या मालकाचें व समाजाचें देणें आहे. एका परिचारिकेच्या गळ्यांत साठ रोगी बांधावयाचे आणि मग तिनें हंसतमुख असावें अशी अपेक्षा करावयाची, हा अन्याय होय. थकलेल्या हातानें झालेल्या चुकीची जबाबदारी ज्यानें तो हात थकविला त्याच्यावरहि येते.

अपाय करूं नये, भलें करावें, विचारून करावें, खरें बोलावें, गुपित राखावें, सर्वांना सारखें लेखावें: शुश्रूषेच्या नीतीचीं तत्त्वें मोजलीं तर एवढींच भरतात, आणि तीं पाठ करावयास एक संध्याकाळ पुरे. आचरणांत आणण्यास मात्र सारा जन्म लागतो; कारण तीं एकेकटीं समोर येत नाहींत. सत्य आणि दया, आज्ञा आणि हित, कुटुंबाचा मान आणि रोग्याचा अधिकार, अशा जोड्यांनीं तीं येतात, आणि निवड करण्यास वेळ थोडा असतो. अशा वेळीं परिचारिकेनें स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या खाटेवर पडलेल्या माणसाला माझें हें करणें कळलें, तर तो उद्यां पुन्हां माझ्या हातून औषध घेईल काय? ज्या कृतीला या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें येतें, ती बहुधा चुकीची नसते.